सरकीचा कौल

चहा आधी ओता. हा प्रकार कोरड्या घशाने सांगण्यासारखा नाही, आणि सांगताना मला दोनदा तरी थांबून स्वतःवर चिडावं लागतं.

मी नागपूरहून अर्थशास्त्रात एम.ए. होऊन वाशीमकडे परत आले, तेव्हा एम.ए. झालेली बाई दिसते कशी हे पाहायला लोक निमित्त काढून घरी येत. एका काकूंनी तर मला वळून उभं राहायला सांगितलं! मागून काही फरक दिसतो का, ते त्यांना पाहायचं होतं.

फरक होता, पण तो डोक्यात होता. माझी ठाम समजूत झाली होती की सत्तेखालचा माणूस सत्तेविषयी खरं बोलत नाही. म्हणून कामगारांचं मालकाविषयीचं मत जाणून घ्यायचं असेल, तर काय करू नये? कामगारांना विचारू नये! ऐकायला विचित्र वाटतं ना? तेव्हा मला ते फार खोल वाटलं होतं.

आता कर्मधर्मसंयोग असा, की माझे मामा बापूसाहेब हे मंगरूळकडच्या एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीचे चेअरमन होते. कंपनीचं नाव विचारू नका. बापूसाहेबांचे वारस अजून आमच्याकडे हळदीकुंकवाला येतात. तिथे एका बाजूने यंत्रात कापूस जाई, दुसऱ्या बाजूने रुई निघे आणि खाली सरकी पडे. यंत्रांवर एकशे चार बाया बसत. आवाज असा, की शेजारणीला हाक मारायची तर कोपराने मारावी लागे.

कारखाना प्रत्यक्षात चालवत ते मॅनेजर केशवराव. हडकुळे, अबोल, कोटावर सदैव रुईचा थर. ह्या गृहस्थांनी एकच गोष्ट स्वतःच्या अकलेने केली होती. गोदामाच्या पडवीत त्यांनी बारा झोळ्या टांगून घेतल्या होत्या. बाया आपली तान्ही लेकरं तिथे निजवत, आणि दिवसातून दोनदा यंत्र सोडून त्यांना पाजायला जात. बापूसाहेबांना ती पडवी रुईच्या गाठी रचायला हवी होती. हे सगळं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. 'किरकोळ' ह्या मथळ्याखाली.

"कामगारांची मतं गोळा करायची आहेत, मामा," मी म्हणाले.

"त्यांना मतं असतात?" बापूसाहेबांनी प्रामाणिक कुतूहलाने विचारलं. "कर बाई, कर. काही सापडलं तर मलाही दाखव."

पद्धत म्हणून मी आधी तोंडी विचारून पाहिलं. बायांची पुढारीण होती यमुना: रुंद बांध्याची, कमरेवर सहा महिन्यांचं पोर, आणि बोलणं सरळ कपाळावर येऊन आदळणारं.

"मॅनेजर कसे आहेत, यमुनाबाई?"

"बरे हायेत."

"अगदी मनमोकळेपणाने सांगा. हे कुणालाही कळणार नाही."

"कळू द्या न! बरे हायेत म्हनून सांगून राह्यली, त्यात लपवाचं काय हाय?"

दुसरीला विचारलं: "बरे हायेत." तिसरी: "बरेच हायेत न, बाई." विसावी तर वैतागलीच. "तुमाले बरं आयकू नाई येत काय वं?"

शेवटचीपर्यंत तेच उत्तर. आता तुम्हीच सांगा, एकशे चार बायांचं एका पुरुषाविषयी एकमत? आमच्या कॉलेजात चार प्राध्यापकांचं घड्याळातल्या वेळेवर एकमत होत नसे! मी वहीत लिहिलं: 'दहशतीमुळे एकमुखी उत्तर.' आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग मी गुप्त मतदानाची योजना आखली. अक्षरओळख कुणाला नाही, तेव्हा खुणा कारखान्यातल्याच घेतल्या. दोन टोपल्या: एकीत कापसाची बोंडं, दुसरीत सरकी. मध्ये अरुंद तोंडाचं, फडकं बांधलेलं मडकं. मॅनेजर बरे वाटत असतील तर मडक्यात कापूस टाकायचा. नसतील तर सरकी. जागा? ती मी फार विचार करून निवडली. सुटीच्या भोंग्यानंतर प्रत्येकीला फाटकाजवळच्या खोलीतून जावंच लागे. तेव्हा तीच खोली. आत एकेक बाई, आणि बाहेर शिस्तीसाठी फाटकावरची पहारेकरीण, जमादारीण उभी.

निष्पक्ष, गुप्त, सुलभ! स्वतःवर इतकी खूश मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही, आणि कारणही लवकरच कळेल.

मडकं उपडं केलं. सरकी! निव्वळ सरकी! मी तीनदा मोजली. एकशे चार बायांचे सरकीचे एकशे चार दाणे, आणि कापसाचं एक बोंडसुद्धा नाही.

इथे थोडं थांबते, कारण चिडायची पहिली जागा हीच. एकशे चार जणी 'बरे' म्हणाल्या तेव्हा मला संशय आला. त्याच एकशे चार जणींनी 'वाईट' म्हटलं तेव्हा? छे! ते मला देदीप्यमान सत्य वाटलं. माझी चिकित्सक बुद्धी एकाच बाजूला उघडणाऱ्या दारासारखी होती, आणि मी तिला विद्यापीठाचं पदक लावून हिंडत होते.

रात्र पडायच्या आत अहवाल तयार झाला: 'श्रमिकवर्गात व्यवस्थापकाविषयी तीव्र व सार्वत्रिक असंतोष आढळतो. प्रस्तुत निष्कर्ष शास्त्रशुद्ध पद्धतीने काढलेला असून निर्विवाद आहे.'

बापूसाहेबांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग डोळ्यांना उपरणं लावलं!

"पोरी," ते म्हणाले, "ह्याला म्हणतात जनमत. लोकांच्या इच्छेपुढे मी कोण? केशवरावांना जावं लागणार. माझं मन नाही, पण लोक म्हणतात तर..."

लोकांचं म्हणणं त्या क्षणापर्यंत ज्या माणसाला माशीच्या गुणगुणण्याइतकंही ऐकू आलं नव्हतं, तो माणूस आता लोकेच्छेपुढे विनम्र उभा! त्यांच्या मनात ती जागा कुणासाठी होती, तेही लगेच कळलं. धाकटे जावई दोन वर्षं घरी बसून होते. यंत्रांची त्यांना माहिती नव्हती. पण भोंगा त्यांना आवडे.

दुसऱ्या दिवशी केशवरावांना किल्ल्या सोमवारी जावयांच्या हाती द्यायला सांगितलं. पडवीतल्या झोळ्या सोडवून फाटकाशी ढीग घातला. आणि दुपारच्या सुटीत, मी उतरले होते त्या मामांच्या घराच्या अंगणात यमुना उभी राहिली. मागे दहाबारा बाया, प्रत्येकीच्या कमरेवर एक लेकरू, आणि ती लेकरं एकजात रडत होती.

"बाई, तुमचं आमी काय वाकडं केलं होतं?"

"मी? मी तर तुमचंच मत मांडलं!"

"आमचं? आमी कवा म्हटलं, केशवरावाले काढा म्हनून?"

"अहो, सरकी टाकलीत ना तुम्ही! एकूणएक जणींनी!"

यमुनेने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण उकळत्या दुधात बोट घालणाऱ्या मुलाकडे पाहतो.

"मंग काय कापूस टाकू? बाई, फाटकातून निंगाच्या आंदी आमी एकमेकीचं लुगडं झटकतो, केस झटकतो. मंग जमादारीन झडती घेते. मूठ उघडून पायते, ओटी पायते. कापसाचा एक धागा सापडला त आठ दिवस फाटकाबाहेर! आन् तुमी त्याच फाटकात टोपलं भरून कापूस ठेवून म्हनता, हात घाला!"

"पण मी सांगितलं होतं की..."

"तुमी सांगतलं. जमादारनीले कोनं सांगतलं?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "मले त वाटलं, बाई चोर पकडाले आल्या."

माझी शास्त्रशुद्ध पद्धत! मी बायांना मत विचारत नव्हते. मी त्यांना चोरीचं आमंत्रण देत होते. आणि सरकी? ती पायाखाली पडलेली असे, तिच्यासाठी कुणी झडती घेत नसे.

"आता आमी लेकरं कुठी ठेवाव?" यमुनेने विचारलं. "मशिनीपाशी ठेवलं त रुईनं नाक भरते. घरी ठेवलं त पाजाव कोनं? तुमीच सांगा, तुमी शिकेल हा."

 मी तशीच बापूसाहेबांकडे गेले.

"मामा, पद्धत चुकली."

"निर्विवाद आहे असं लिहिलंयस."

"ते विवाद्य आहे!"

"मग आधी तुझी पदवी परत करून ये!" ते हसले. पण संचालकांची बैठक शनिवारी होती, आणि अहवाल त्यांनी सगळ्यांना आधीच कौतुकाने दाखवला होता. "घे पुन्हा मतदान. शंभरदा घे. बैठकीतच मडकं फोडू."

तुम्ही म्हणाल, आता तरी टोपल्या फाटकापासून हलवाव्यात. इतकं साधं मला कसं सुचावं? मी एक नाजूक युक्ती काढली: खुणा उलट्या करायच्या! बाया सरकीच टाकणार हे सिद्ध झालं आहे. तर ह्या खेपेस सरकी म्हणजे 'बरे' आणि कापूस म्हणजे 'वाईट'. पद्धत सदोष, पण निष्कर्ष सत्य. थोडक्यात, ही लबाडी होती. मी तिला 'दुरुस्ती' म्हटलं.

शनिवारी सकाळी यंत्रं चालू असतानाच मी बायांना बदल समजावून सांगितला. शुद्ध मराठीत तीन वाक्यं. मधल्या वाक्यात दोन 'जर' आणि एक 'तथापि'. सगळ्यांनी माना हलवल्या. यमुनेने तर माझा हात धरून दाबला. मला भरून आलं.

सुटीच्या भोंग्यानंतर त्याच खोलीत मतदान झालं, आणि संध्याकाळी बैठकीत मडकं फुटलं.

कापूस!

पांढराशुभ्र, फुलासारखा, टेबलभर कापूस! सरकीचा एक दाणा नाही! बाया आदल्या दिवशीच आपसात ठरवून बसल्या होत्या: आठ दिवस फाटकाबाहेर राहावं लागलं तरी चालेल, पण केशवरावांसाठी ह्या खेपेस कापूसच टाकायचा. एकशे चार जणींनी झडतीची भीती गिळून, दाराबाहेर जमादारीण उभी असताना कापसात हात घातला होता. आणि त्यांच्या ह्या धैर्याचा, माझ्या दुरुस्तीनुसार, अर्थ काय होत होता? पुन्हा एकदा, एकमताने: 'केशवराव नकोत.'

"व्वा!" बापूसाहेब म्हणाले. "दोनदा तपासलेलं जनमत!"

संचालक माझ्याकडे पाहू लागले. खुणा उलट्या केल्याचा जो कागद मी त्यांच्यापुढे ठेवला होता, तो माझ्याच सहीचा होता. मी तोंड उघडलं. त्यातून एक 'तथापि' निघालं आणि तिथेच संपलं.

तेवढ्यात दाराशी गलबला झाला. कौल ऐकायला बाया व्हरांड्यात थांबल्या होत्या, आणि यमुना पोरासकट आत आली होती.

"बापूसायेब, काय निंगालं?"

"तुम्हाला केशवराव नकोत, असं निघालं."

यमुनेने एकदा कापसाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तिने माझा नाद सोडला.

"आमाले केशवरावच पायजे. झोळ्याबी पायजे. नाई त सोमवारी तुमचे जवाई भोंगा वाजवतीन तवा मशिनीवर त्यायलेच बसवा. आमी एकबी येनार नाई."

बस्स! ना मडकं, ना खुणा, ना तथापि. चेअरमनच्या तोंडावर, सहा संचालकांसमोर, कमरेवर पोर घेऊन.

खिडकीबाहेर शेलूबाजारपर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, असं म्हणतात. मी मोजली नाही, मोजण्यावरचा माझा विश्वास उडाला होता. पण बापूसाहेबांनी ती पाहिली. हंगाम ऐन भरात होता. त्यांनी घसा खाकरला आणि 'लोकांच्या इच्छेपुढे मी कोण' हेच वाक्य पुन्हा म्हटलं. ह्या खेपेस उपरणं न लावता. केशवराव राहिले. झोळ्या त्याच संध्याकाळी पडवीत टांगल्या गेल्या. जावई भोंगा ऐकत घरीच राहिले.

मात्र बापूसाहेबांना कुणावर तरी राग काढायचा होता. ते गोड आवाजात म्हणाले, "यमुनाबाई, आणखी एक विचारतो. आमच्या ह्या भाचीला तुमच्या कल्याणासाठी कंपनीत कायमचं ठेवावं, असं माझ्या मनात होतं. तुमचं मत काय?"

यमुनेने वळून बायांकडे पाहिलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. माना सगळ्यांच्या एकाच दिशेने हलल्या.

"बाई लय चांगल्या हायेत, सायेब," यमुना मायेने म्हणाली. "पन आमाले कामं हायेत."

तीन आठवड्यांच्या माझ्या संशोधनात हेच एक मत मला शंकातीत वाटलं. मी ते वहीत नोंदवलं, आणि त्याची फेरतपासणी करायच्या भानगडीत पडले नाही.