जोडलेलं आहे, पण इंटरनेट नाही

कवळ्या बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात सगळे तिला दातवाली म्हणत. तसे तिथे सगळेच दात बनवत. पण पुढचा एखादा दात किंचित वाकडा बसवायची युक्ती तिची. "सगळे दात सरळ आले की माणूस खोटा हसतो," ती म्हणे.

हात धीट, बाकी सगळी भित्री. लिफ्टला भ्यायची, पालीला भ्यायची. दवाखान्यातून फोन आला की काम बिघडलं असेल म्हणून भ्यायची. पॉलिशवाले काका म्हणत, "हिनं बनवलेली कवळी हिच्याकडे बघून हसली, तरी ही दचकेल."

त्या सकाळी काकाही गप्प होते. तिच्या लेकीच्या ताब्याची सुनावणी होती.

कोर्ट नवऱ्याच्या शहरात, फार लांब. तिला व्हिडिओवरून हजर राहायची परवानगी मिळाली होती. मागच्या तारखेला लेक तापानं फणफणली होती आणि ती हजर राहू शकली नव्हती. न्यायाधीशांनी तेव्हाच बजावलं होतं, पुढच्या वेळी आई दिसली नाही तर मुलगी वडिलांकडे जाईल. वकीलबाई तिकडे कोर्टात बसल्या होत्या. ती इकडे साच्यांच्या खोलीत. मालकांचा लॅपटॉप समोर, मागे फळ्यांवर अनोळखी माणसांचे प्लॅस्टरचे जबडे.

रस्ता खोदणाऱ्यांनी सकाळीच केबल तोडली. कारखान्याचं वाय-फाय गेलं. मालक माल पोचवायला बाहेर पडलेले. काकांचा फोन बटणांचा. तिच्या जुन्या फोनच्या कॅमेऱ्यात मागे कधीतरी प्लॅस्टर शिरलं होतं, त्यातून माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसे. म्हणून तिनं फोनचं हॉटस्पॉट चालू केलं आणि लॅपटॉप त्याला जोडला.

जोडला गेला. खाली अक्षरं आली : जोडलेलं आहे, इंटरनेट नाही.

 तिनं भावाला फोन लावला. भाऊ एका कंपनीत लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर सुरू करून द्यायचा.

"ताई, रडू नकोस. मोबाइल डेटा चालू आहे?"

"बंद होता. आता केला."

"आजचा कोटा संपलेला नाही ना?"

"कालच रिचार्ज केलाय रे."

"बरं. लॅपटॉपवरून ते नेटवर्क काढून टाक. पुन्हा जोड. पासवर्ड नीट घाल."

तिनं घातला. बोट घसरलं, पुन्हा घातला. जोडलेलं आहे, इंटरनेट नाही.

वकीलबाईंचा साधा एसएमएस आला : आपल्या आधी एकच प्रकरण आहे.

"आता फोन बंद करून चालू कर," भाऊ म्हणाला.

फोन सुरू होईपर्यंत ती काळ्या पडद्यात स्वतःचा चेहरा बघत राहिली. चालू होताच तिनं हॉटस्पॉट लावलं, लगेच भावाला लावला आणि मग लॅपटॉपकडे पाहिलं.

"नाही रे. तेच."

"विमानाचं चिन्ह आहे ना? ते दाबून पुन्हा काढ."

दाबलं. काढलं. हॉटस्पॉट लावलं. भावाला लावला. पाहिलं. तेच.

काका दारातून डोकावले. "खिडकीशी धरून बघ की."

"काका, रेंज भरपूर आहे."

"मग तो भाऊ तुझा करतो काय? त्यापेक्षा आमचं पॉलिशचं मशीन बरं, चालत नाही तेव्हा निदान गुरगुरतं तरी."

ती हसली नाही.  लेकीचं दप्तर, लेकीचे मोजे, सगळं एका पेटीत भरलेलं तिला दिसायला लागलं होतं.

मेसेज आला : पुकारा झाला. कुठे आहात?

"मला बोलावलं," ती म्हणाली. "नेतील रे तिला. आज नेतील."

"थांब, थांब. सगळं बरोबर आहे. मग का येत नाही?" भाऊ एकदम थबकला. "ताई, तू माझ्याशी कशावरून बोलतेयस?"

"फोनवरून."

"कुठल्या?"

"माझ्याच. दुसरा कुठला असणार?"



"ताई, तुझ्या त्या फोनवर बोलणं चालू असलं की नेट थांबतं. मीच अडवून बसलोय. ठेव फोन."

तिनं फोन आणखी घट्ट धरला.

त्यांच्या घरी आपणहून फोन ठेवत नाहीत; तुटला तर लगेच पुन्हा लावतात. वडील ट्रक चालवायचे. एकदा बोलता बोलता म्हणाले, "ठेवतो, पुढे वळण आहे." तेच शेवटचं. त्यानंतर घरात 'ठेवतो' हा शब्द कुणी उच्चारला नाही. घाबरलेल्या माणसाला तर एकटं सोडायचंच नाही, पलीकडे नुसता श्वास ऐकू आला तरी चालेल. आज भावानंच तो शब्द काढला होता.

"नको ना," ती म्हणाली. "बोलू नकोस, पण राहा."

"राहिलो तर ती जाईल, ताई. ठेव."

तिनं लाल बटण दाबलं. खोलीत कुणीच उरलं नाही. लॅपटॉपवरची अक्षरं क्षणभर तशीच राहिली. मग पुसली गेली.

पडदा उघडला. आधी नवरा दिसला. नवा शर्ट, अगदी शांत. ही शांतता तिच्या ओळखीची होती. असा शांत असला की तो मनात ठरवलेलं करूनच दाखवायचा.

"आई आहे की नाही?" न्यायाधीश कंटाळून विचारत होते.

"आहे! आहे मी!" ती ओरडली. कुणीच वर पाहिलं नाही. वकीलबाई कॅमेऱ्याकडे वळून घशाला बोट लावत होत्या. तिचा आवाज बंद होता. तिनं दोन चुकीच्या जागा दाबल्या, तिसरी बरोबर.

"आहे मी, साहेब."

न्यायाधीश पडद्याजवळ आले. "तुमच्या मागे हे काय?"

"जबडे. म्हणजे साचे आहेत. मी कवळ्या बनवते."

त्यांनी नकळत तोंड मिटलं. मग विचारलं, "मुलगी कुठंय?"

"शाळेत."

"रात्री कुणाजवळ झोपते?"

"माझ्याजवळ. अंधाराला भिते ती."

"आणि तुम्ही?"

वकीलबाईंनी डोळ्यांनी खुणावलं : जपून. तिला दुसरं काही सुचलं नाही.

"मीही भिते, साहेब. पण दिवा लावायला मीच उठते."

ते काहीतरी लिहीत राहिले. मग बोलले. पुढचा आदेश होईपर्यंत मुलगी आईकडे. वडिलांनी भेटायचं ते आईच्या समोर. नवरा अजून शांतच होता. पडदा बंद झाला.

"काय गं, काय झालं?" काका दारात उभे होते.

"माझ्याकडेच राहील," ती म्हणाली. दातावर दात वाजत होते. अंगावरचा प्लॅस्टर लागलेला कोटही न काढता ती शाळेकडे निघाली. सुटायला अजून खूप वेळ होता. ती फाटकाला लागून उभी राहिली. नवरा तिकडे लांब होता, तरी रस्त्यानं येणारी प्रत्येक गाडी पुढे निघून जाईपर्यंत ती बघत राहिली.