लाल दिवा विझेपर्यंत

आमच्या गावात मला हेलिकॉप्टरवाला म्हणतात आणि कितीदा खुलासा केला तरी ते नाव सुटत नाही. मी हेलिकॉप्टर चालवत नाही. मुंबईपासून लांब, भर समुद्रात तेल काढायचा लोखंडी फलाट उभा आहे. त्याच्या माथ्यावर हेलिकॉप्टर उतरायची जागा आहे. तिथं मी आगीपासून वाचवणारा पोशाख घालून, आग विझवायच्या फेसाची नळी हातात धरून उभा असतो. हेलिकॉप्टर येतं, माणसं उतरतात, दुसरी बसतात, ते निघून जातं. मग मी नळी गुंडाळतो. दिवस चांगला गेला म्हणजे मी काहीच केलं नाही असा त्याचा अर्थ. काहीच न करण्याचा पगार घेणारा माणूस, असं आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चारचौघांत सांगतात आणि लोक हसतात. मीही हसतो, पण मला राग येतो.

कारण ते काहीच न होणं फार कष्टाचं आहे. डेकवर, म्हणजे त्या उतरायच्या जागेवर, कोणी सैल टोपी घालून यायचं नाही, कोणी धावायचं नाही, शेपटीकडून तर कधीच जायचं नाही. शेपटीचा छोटा पंखा इतक्या वेगानं फिरतो की दिसतच नाही, नुसती हवा दिसते. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे लाल दिवा. हेलिकॉप्टरच्या अंगावर लुकलुकणारा लाल दिवा असतो. तो चालू आहे तोवर कोणी पाऊल पुढं टाकायचं नाही. दिवा विझला, वैमानिकानं अंगठा वर केला, की मग वाकून, त्याच्या नजरेसमोरून जायचं. आवाज कमी झाला म्हणजे धोका टळला असं नाही. उलट मंदावलेल्या वरच्या मोठ्या पंख्याची पाती खाली झुकतात, वाऱ्याच्या झोताबरोबर आणखी खाली येतात. हे सगळं माझ्या हाडात इतकं मुरलंय की शेवगावच्या स्टँडवर एसटी थांबली तरी मी दोन क्षण उभा राहतो. बायको म्हणते, चला आता, तुमचा दिवा विझला.

आक्काच्या मुलीचं, माझ्या एकुलत्या भाचीचं लग्न ठरलं. मुलगा नेवाशाकडचा, घर तालेवार. त्यांनी निरोप धाडला की नवरदेव हेलिकॉप्टरनं येणार. दाजींची छाती त्या दिवसापासून इंचभर पुढंच होती. मांडवाशेजारची कांद्याची काढणी झालेली पट्टी त्यांनी मोकळी केली, परवानग्या मुलाकडच्यांनी आणल्या आणि घरच्या बैठकीत दाजींनी हुकूम काढला, "हेलिकॉप्टरचं खातं मेव्हण्याकडं. घरचा तज्ज्ञ आसताना भाईर कशाला जायचं?"

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाला घरात किंमत आली होती. मी पट्टीभोवती सुतळी बांधली, टँकर बोलावून धूळ बसेल इतकं पाणी मारून घेतलं. मग आक्काकडं गेलो. आई लवकर गेल्यानं मला तिनंच वाढवलं. मी समुद्रावर पोचलो की तिचा मोबाईलवर आवाज यायचा, "पोचला का? खाली उतरला का?" दर खेपेला, एकदाही न चुकता. ती चुलीपाशी शेंगदाणे भाजत होती. नवरदेवाला ओवाळायचा मान तिचा, म्हणून मी तिलाच नीट समजावलं की समोरून यायचं, लाल दिवा विझल्यावर यायचं, वैमानिक अंगठा दाखवील तेव्हाच यायचं.

"आन् तवर माझं निरांजन इझलं म्हंजी?" ती म्हणाली.

"पुन्हा लावायचं."

"पुन्यांदा?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी मंगळसूत्र पुन्हा बांधायला सांगतोय. "बरं बाबा, अंगठा दावल्यावर यीन."

लग्नाच्या दिवशी मी सकाळपासून सगळ्यांशी भांडत होतो. मुलाकडच्या काकांना म्हणालो, फेट्याचा शेमला खोचून घ्या. त्यांनी तो आणखी मोकळा सोडला. बँडवाल्यांना सुतळीच्या मागं ढकललं, ते पुढं आले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! तेवढ्यात हेलिकॉप्टर आलं, पट्टीवर एक गिरकी घेऊन उतरलं. टँकरच्या पाण्याला न जुमानता धूळ उठली, मांडवाची एक कनात फाटली आणि मग आवाज उतरायला लागला. आवाज उतरला तसे लोक पुढं सरकले. मी हात पसरून ओरडत होतो, थांबा, थांबा. बँडनं त्याच वेळी ताशा धरला.

सगळ्यांची नजर समोर होती. माझीही. सवयीनं मी एकदा हेलिकॉप्टरच्या मागच्या बाजूला पाहिलं.

आक्का गोठ्याच्या भिंतीच्या आडोशानं येत होती. नवं लुगडं, हिरवा चुडा, हातात ताट. वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून ती भिंतीला चिकटून आली होती, एक हात ज्योतीभोवती धरून, नजर ज्योतीवर. ती भिंत जिथं संपते तिथं हेलिकॉप्टरची शेपटी होती. तिनं भिंत सोडली आणि पदर वाऱ्यावर उडाला.

मी धावलो. ज्याला कधी धावायचं नाही म्हणून पगार मिळतो, तो मी, सुतळीवरून उडी मारून धावलो आणि तिला खांद्यानं ढकललं. ती भिंतीवर आदळली, मनगट अंगाखाली घेऊन पडली. ताट दगडावर वाजलं. निरांजन विझलं, कुंकू मातीत सांडलं, बांगड्या फुटल्या. ताशा थांबला. नवरदेव पुढच्या दारातून हसत हसत खाली उतरत होता आणि हजार माणसं मुलीच्या आईला मातीत पाडणाऱ्या मुलीच्या मामाकडं बघत होती.

"आरं काय केलंस?" आक्का म्हणाली. तिचा आवाज दुखण्याचा नव्हता. तिची नजर बांगड्यांच्या काचांवर होती.

मी वैमानिकाकडं गेलो. तो हेडफोन काढत होता. मी विचारलं, शेपटीचा पंखा फिरत होता ना? तो म्हणाला, "मागचं मला बसल्या जागेवरून दिसत नाही. मागं कोणी नको म्हणून तर आधी सांगितलं होतं." बरोबर होतं त्याचं. पण ज्या एका माणसाला ठाऊक असायला हवं होतं, त्यालाच ठाऊक नव्हतं.

लग्न लागलं. मुलीला मामानं मांडवात आणायचं असतं. मी फेटा नीट करून उभा राहिलो, तर दाजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमी ऱ्हाऊ द्या आता." त्यांच्या चुलत मेव्हण्यानं भाचीला आणलं. मी शेवटच्या रांगेतून अक्षता टाकल्या. त्या कुठं पडल्या ते दिसलं नाही. दुपारी आक्काला शेवगावच्या डॉक्टरकडं नेलं, मनगटाचं हाड मोडलं होतं. मुलीची पाठवणी तिनं प्लास्टरच्या हातानं केली.

आठ दिवसांनी व्हिडिओ आला. मला वाटलं, झालं, आता दूध का दूध होईल. दाजींच्या ओसरीवर सगळे जमले. त्या क्षणाला दाजींनी चित्र थांबवलं, पुन्हा चालवलं, पुन्हा थांबवलं. आक्का भिंत सोडते, मी धावतो, आणि तिच्यापासून चार हातांवर शेपटीचा पंखा. स्पष्ट. दोन पाती, मोजता येतील अशी. जागच्या जागी उभी.

"ह्यो बघा तुमचा पंखा!" दाजी म्हणाले. "हालत सुदिक न्हाई. आमची इज्जत घालवली तुमी, थांबलेल्या पंख्यापायी."

मला याचं उत्तर माहीत होतं. कॅमेरा एकामागून एक फोटो काढतो. पात्यांचा आणि फोटोंचा ताल जुळला की फिरता पंखा थांबलेला दिसतो, कधी उलटा फिरतानाही दिसतो. मी म्हणालो, आत्ता दाखवतो. घरात जाऊन छताचा पंखा लावला, मोबाईलवर चित्रीकरण केलं आणि सगळ्यांपुढं धरलं. त्यात पंखा अगदी पंख्यासारखा फिरत होता. मी तीनदा केलं, तीनदा फिरताना दिसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आक्का उंबऱ्यात उभी होती. आत गेली.

मी परत समुद्रावर गेलो. फलाटावर उतरलो, मोबाईल हातात धरून थांबलो. "पोचला का?" आलं नाही. पुढच्या खेपेलाही नाही. माणूस इतक्या साध्या गोष्टीला किती टेकलेला असतो, ते गोष्ट गेल्यावर कळतं.

डेकच्या आमच्या साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "लाल दिवा चालू होता?" मी म्हणालो, हो. "मग विषय संपला," ते म्हणाले. त्यांचा संपला. माझा तिथून सुरू झाला. लाल काहीतरी मी पाहिलं होतं, हे नक्की. पण भर उन्हाची वेळ होती, आणि त्या दिवशी लाल काय नव्हतं? फेटे लाल, मांडवाची कनात लाल, बँडवाल्यांचे डगले लाल. मी दिवा पाहिला की दिवा असणार म्हणून पाहिला? पंख्याची हवा मला लागली होती की धावल्याचा वारा? व्हिडिओतली ती उभी पाती डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि ती खोटी आहेत हे मला माहीत असूनही मला ती खरी वाटायला लागली. कामावर हेलिकॉप्टर उतरलं की मी शेपटीकडं टक लावून बघायचो, पाती दिसतात का. दिसायची नाहीत, नुसती हवा. तरी मनात यायचं, तो दिवस वेगळा असेल. बहिणीला वाचवलं म्हणावं तर पुरावा नाही, उगाच पाडलं म्हणावं तर जीव मानत नाही. ती वाचलीच असेल, तर तिला काही झालेलं नाही. आणि जे झालंच नाही ते दाखवणार कसं? वीस वर्षं मी याच गोष्टीचा पगार घेत होतो, आणि तिचा अर्थ मला लागत नव्हता.

दिवाळीला सुट्टी मिळाली. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी दाजींचा फोन आला. "तुमची आक्का म्हनती, यिऊन जा." एवढंच बोलून ठेवला. आपुलकीनं बोलावलं की रीत म्हणून, ते आवाजावरून कळेना. बायको म्हणाली, जाऊन बघा म्हणजे कळेल.

आक्का करंज्या तळत होती. झारा डाव्या हातात. उजवं मनगट बरं झालं होतं, पण जरा वाकडंच बसलं होतं. मी पाटावर बसलो.

मग तिनं मान वर न करता विचारलं, "खरं सांग. फिरत हुता का पंखा?"

मी वाटेत सगळी उत्तरं जुळवून आणली होती, कॅमेऱ्याची, दिव्याची, साहेबांची. एकही तोंडातून निघालं नाही. "आक्का, मला आता म्हाईत न्हाई," मी म्हणालो. "तवा म्हाईत हुतं. आता न्हाई." आणि मला रडू आलं. पन्नाशीला आलेला माणूस मी, करंज्यांच्या धुरात बसून रडलो.

तिनं झारा ठेवला. "मलाबी न्हाई म्हाईत," ती म्हणाली. "मी निरांजनाकडं बघत हुते. रोज त्या भिताडापाशी जाऊन हुभी ऱ्हाती. येका दिशी वाटतं, मेले आसते. दुसऱ्या दिशी वाटतं, उगंच पाडलं मला, चुडा फोडला पोरीच्या लग्नात. लई राग येतो तुझा. पर दोगांनाबी म्हाईत न्हाई म्हनल्यावर भांडायचं तरी कशावरून? तोंड धू. ववाळायचंय."

मी बाहेरच्या खोलीत पाटावर बसलो. डोक्यावर टोपी घातली. दाजी खुर्चीत होते. आतून आक्का ताट घेऊन आली आणि उंबऱ्यावर थबकली. डोक्यावरचा पंखा चालू होता.

ओवाळताना पंखा बंद करतातच, निरांजन विझू नये म्हणून. दाजी उठले, बटण दाबलं, पुन्हा बसले. पंखा मंदावला, पण फिरत राहिला. दर वर्षी आक्का एवढ्यात येऊन ओवाळायला लागायची. या वेळी ती जागची हलली नाही. वाकड्या मनगटावर ताट तोलून, मान वर करून ती पंख्याकडं बघत राहिली. मीही बघत होतो. थोड्या वेळानं पाहिलं, तर दाजीही वर बघत होते. पाती एकेक दिसायला लागली, एक, दोन, तीन, आणि मग कुरकुरत थांबली.

तरी ती आली नाही.

"दाव अंगठा," ती म्हणाली.

मी अंगठा वर केला. मग ती आली, माझ्या समोरून.