सहा नंबरची नाव

आमच्या ह्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, एवढा कसलेला कारागीर आणि सहा-नवाचा फरक कळू नये? नव्हता कळत. नागनाथ सुतार म्हटलं की कुडचीपासून खाली कृष्णाकाठची गावं मान द्यायची, पण अक्षराशी त्यांचं उभ्या जन्मात जमलं नाही. मी मात्र मराठी चौथी पास. केवढा तोरा होता मला त्याचा. त्या तोऱ्यानंच घात केला.

एक्कावन्न साली आम्ही बेंगळुरात आलो. हलसूरच्या तळ्यावर तेव्हा हौशी लोकांना फिरवणाऱ्या दहा-बारा नावा होत्या. ह्यांनी त्यातल्या निम्म्या बांधल्या, बाकीच्यांची डागडुजी केली. सगळ्या दुसऱ्यांच्या. पाच वर्षं राबल्यावर एक स्वतःची बांधली, सागवानी. फळीला फळी अशी बसवली होती की सांध्यात नख जाऊ नये. लेकरू नव्हतं आम्हाला. नाव पाण्यात सोडली त्या दिवशी हा माणूस जेवायलाच येईना, काठावर बसून राहिला. मी म्हटलं, "नुसतं बघून पोट भरतं का?" तर म्हणाले, "आज भरतंय, गंगे." पुढं ते स्वतःच वल्हं मारायचे, आणि घर त्या नावेवर चालायचं.

पुढच्या वर्षी तळ्यावर नऊ नंबरची नाव उलटली आणि एक कॉलेजातला मुलगा गेला. कुजक्या फळ्यांची नाव होती ती. पोलिसांनी तिच्यावर बंदी घातली, तर तिचा मालक नावेसकट पसार झाला. मग चौकीचा हुकूम निघाला. रंगानं काढलेले नंबर खरवडता येतात, म्हणून प्रत्येक नावेच्या अंगावर नंबर कोरायचा, कानडी आकड्यात, आणि तो परवान्याच्या कागदाशी जुळला पाहिजे. कोरायचं काम ह्यांच्याकडेच आलं. एक पोलीस खडूनं आकडा काढून द्यायचा आणि हे छिन्नी चालवायचे.

आमची नाव परवान्यावर सहा नंबरची, पण त्या दिवशी ती तळ्यावर नव्हती. घरामागं पालथी घालून तिला डांबर चाललं होतं. हे म्हणाले, "उद्या त्या पोलिसाला बोलावतो, आपलाही आकडा काढून देईल." मी पदर खोचला आणि म्हटलं, "सहा काढायला पोलीस कशाला पाहिजे? मी काय मेले?" कोळसा घेतला आणि चांगला हातभर सहा काढला. आपल्या शाळेतला, गोल पोटाचा, शेपटीवाला. ह्यांनी कौतुकानं बघितलं आणि कोरला. तशी कोरणी त्यांनी दुसऱ्या कुठल्या नावेवर केली नसेल.

आता मला सांगा, दुकानात कानडी बोलून मी सामान आणत होते, स्वल्प कमी करा म्हणून भांडत होते, पण कानडी आकडे निराळे असतात हे कधी डोक्यातच आलं नाही. त्यांचा नऊ आपल्या सहासारखा दिसतो. शेपटीचा काय तो फरक.

आठ दिवसांनी तपासणी झाली. फौजदार कागद घेऊन काठावरून नाव-नाव बघत आला. आमच्या नावेपाशी थांबला आणि म्हणाला, "ओंबत्तु." म्हणजे नऊ. कागदावर सहा आणि लाकडावर नऊ. बंदी घातलेली, पळवलेली नाव हीच, असं म्हणून जप्त केली. हे घरी आले तेव्हा तोंड काळवंडलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "कागद जुळत नाही म्हणतात." का जुळत नाही ते सांगितलं नाही. मीही त्यांच्यावरच चवताळले. म्हटलं, "असं कसं जुळत नाही? भांडा की. तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय?"

चार दिवस चौकीच्या फेऱ्या मारल्या त्यांनी. पाचव्या दिवशी निकाल झाला, नाव मोडून टाकायची. तोडायला मजूर कुऱ्हाडी घेऊन आले तेव्हा हे पुढं झाले. म्हणाले, "कुऱ्हाड नको. मी बांधलीय, मीच खोलतो." सकाळपासून दुपारपर्यंत एकेक खिळा उपसून नाव खोलली. मी भाकरी घेऊन गेले होते. फळ्या रांगेनं मांडलेल्या होत्या आणि हे त्यांच्यामध्ये उभे होते. मला रडू आवरलं नाही, आणि रडता रडता मी त्यांनाच नामर्द म्हटलं. चारचौघांत.

त्यानंतर त्यांनी नाव बांधली नाही. यशवंतपूरला एका वखारीत मालाची खोकी ठोकायला लागले. मी मात्र राग धरून बसले. कुठं काही बिनसलं की म्हणायची, तुमच्यात धमक असती तर आज नाव असती. अकरा वर्षं म्हटलं हो मी असं.

अडुसष्ट साली ते अंथरुणाला खिळले. तळ्यावरचा खंडोजी नावाडी बघायला आला होता. परत निघताना मला दाराबाहेर म्हणाला, "अक्का, नाव सुटली असती तेव्हा. फौजदार वाईट नव्हता. मी होतो तिथं." मग त्यानं सहा-नवाचा सगळा घोळ सांगितला, मला तो तेव्हाच पहिल्यांदा कळला. फौजदाराला पटलं होतं की हा मराठी सहा आहे. त्यानं विचारलं, "काढला कुणी?" हे म्हणाले, "मी." त्यानं पेन्सिल पुढं केली, "काढून दाखव." ह्यांच्या हाताला ते कुठलं यायला? तेव्हा फौजदार म्हणाला, "ज्यानं काढला त्याला आण. इथं बसून लिहून दाखवू दे, जबानी देऊ दे. चुकीचा नंबर घातला म्हणून गुन्हा त्याच्या नावावर नोंदवतो. तू तुझी नाव घेऊन जा." हे तसेच उठून आले होते.

मी आत जाऊन ह्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "मला एका शब्दानं सांगायचं नाही? अनवाणी धावत गेले असते मी चौकीत."

ते म्हणाले, "गेली असतीस. म्हणून तर सांगितलं नाही." मग जरा हसले. "नाव गेली, गंगे. तुझं नाव राहिलं."

मी भांडले. त्या आजारी माणसाशी भांडले, की माझ्या नावाला काय सोनं लागलं होतं, तुमची नाव का घालवली? त्यांचा हात धरून माफी मागायची होती, आणि तोंडातून भांडणच निघत होतं. पंधरवड्यात ते गेले.

तेरावं झाल्यावर मी चौकीत गेले. टेबलाशी एक तरुण पोलीस होता. त्यानं विचारलं, "काय तक्रार आहे, अम्मा?" मी म्हटलं, "तक्रार नाही, जबानी द्यायचीय. सत्तावन्न सालची." त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते दप्तर आता कुठं आहे, अम्मा? माणूस गेला, नावही गेली. आता कुणाच्या नावावर काय लिहू?"

मी म्हटलं, "माझ्या नावावर लिही." त्याच्यापुढची पेन्सिल घेतली आणि त्याच्या कागदावर मोठा सहा काढला.

त्यानं वाकून बघितलं आणि वाचलं, "ओंबत्तु."

"नाही बाबा," मी म्हटलं. "सहा आहे तो. माझ्या हातचा."