तीन नंबरचा बिल्ला

“कशाला? वाचायला का लिहायला?”

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो जामखेडच्या कॉलेजातल्या आमच्या संगणकाच्या सरांचा, आणि ते आठवले की आधी हा प्रश्न ऐकू येतो. लॅबच्या दारात ते कधी स्वस्थ उभे राहिले नाहीत. मुठीत पितळी बिल्ले खुळखुळवत येरझारा चालू.

ऑपरेटिंग सिस्टीम त्यांनी त्या दारातच शिकवली. प्रोग्रामने फाइलला थेट हात लावायचा नाही. सिस्टीमला फाइलचं नाव आणि काम, म्हणजे वाचायचं का लिहायचं, ते सांगायचं. ती ‘ओपन’ करून एक आकडा देते. पुढचा सगळा व्यवहार त्या आकड्यावर. काम झालं की ‘क्लोज’. आम्हीही तसंच काम सांगून बिल्ला घ्यायचा, त्या नंबरच्या संगणकावर बसायचं, जाताना बिल्ला परत द्यायचा.

पहिल्या दिवशी सगळ्यांआधी पोचूनही मला तीन नंबर मिळाला.

“सर, माझ्या पुढं तर कुनीच न्हाई.”

“शून्य, एक, दोन सिस्टीमनं आधीच घेतलेत. फाइल तीनपासनं. बस.”

वाचायला म्हणून आत गेलेला माझ्या वर्गातला सुन्या टाइप करताना दिसला, की सर ओरडलेच. “वाचायला म्हनलास ना? मग बोटं कशाला नाचवतोस? ऊठ!” कुणी बिल्ला खिशात घालून गावी गेला, की आत संगणक मोकळा आणि दारात पोरं ताटकळलेली. मग त्याच्या घरी फोन: “क्लोज न करता गेलाय तुमचा दिवटा!”

दुसऱ्या वर्षी दिवाळीत दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मनगट मोडलं. ऊसतोडीला आईच्या जोडीला मीच उरलो. अशी गेलेली पोरं कॉलेजात परतत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक असेल. निघायच्या दिवशी मी तीन नंबरचा बिल्ला परत द्यायला पुढे केला. सरांच्या येरझारा थांबल्या.

“काम झालं का तुझं?”

“न्हाई.”

“मग क्लोज कशाला करतोस? ठेव खिशात. तीन नंबर उघडा हाय.”

राहात्याकडच्या उसाच्या फडात मोळी उचलताना बिल्ला मांडीला टोचायचा. तो कुठं पडेल याचीच धास्ती. मुकादमाने हाक मारली तरी हात आधी खिशाकडे जाई. हंगाम संपला, तसा मी पिशवीसकट थेट लॅबच्या दारात.

“कशाला? वाचायला का लिहायला?”

तीन नंबरच्या खुर्चीवर धूळ होती. पोरं भांडली तरी सरांनी ती कुणाला दिली नव्हती, असं सुन्या म्हणाला.

पदवीनंतर मुलाखतींची तयारीही मी तिथेच केली. पुण्यात नोकरी लागली, तरी कायम होईपर्यंत सर बिल्ला घेईनात. परवा कायम झालो, आणि हे पत्र धाडलं:

“सर, साष्टांग नमस्कार. इथे फाइली उघड्या राहत गेल्या की सर्व्हर अडतो, आणि मला तुमच्या येरझारा दिसतात. सोबत तीन नंबर पाठवतोय. दारात कुणी उभं असेल, त्याला द्या.”