पंच म्हणून बोलावलेले काका

दुपारी तीनच्या सुमारास दोन पोलीस दारात आले. माझा धाकटा भाऊ चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखानदाराच्या गाडीवर ड्रायव्हर. मालकाच्या घरातलं सोनं गेलं होतं आणि संशय भावावर होता. घराची झडती घ्यायची म्हणाले.

मी शाळेच्या ऑफिसातली कारकून, अर्जावर सही नसेल तर मुख्याध्यापकांचीही रजा अडवणारी. शाळेतल्या कायद्याच्या व्याख्यानात ऐकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. झडतीचं कारण लेखी दाखवा, चित्रीकरण करा, वस्तीतले दोन पंच हवेत, यादीची प्रत आम्हाला द्या. हवालदार वैतागला, पण नाही म्हणू शकला नाही. मी स्वतःवर खूश होऊन कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आणि शेजारच्या काकांना हाक मारली. रेल्वेतून निवृत्त झालेले काका, त्यांच्या शब्दाला गल्लीत मान.

मजबूत कुलपाचं लोखंडी कपाट गल्लीत आमच्याकडेच. त्यामुळे बायका घरच्यांच्या नजरेआड आपापले डबे आईकडे ठेवायच्या. कुणाचा डबा कोणता, हे आई मलाही सांगत नसे. लहानपणापासून बघत आलेली ही गोष्ट मला नेमकी तेव्हाच आठवली नाही.

साड्यांखालून स्टीलचा डबा निघाला. आत पाटल्या आणि बोरमाळ. शिपाई मोबाईलवर चित्रीकरण करत होता. हवालदाराने विचारलं, कुणाचं हे? आई खाली पडलेल्या साड्या उचलायला लागली. भाऊ घामाने निथळत तिच्याकडे बघत होता. मला तिचा भयंकर राग आला. पोराला घेऊन जातील आणि ही शब्द पाळत बसलीय. तेवढ्यात तिने काकांकडे चोरून बघितलं आणि मी काय करून बसले ते मला कळलं.

मालकाने दिलेल्या यादीशी ताडून बघू, तोवर पोरगा ठाण्यात बसेल, असं हवालदार म्हणाला. दाराशी बायका जमल्या होत्या. त्यांतून काकू पुढे आल्या. काकांकडे त्यांनी बघितलंच नाही.

"माझं हाय ते. बोरमाळंचा एक मणी पडलाय, तितं काळा दोरा बांदलाय. बगा."

दोरा होता. मालकाच्या यादीत बोरमाळ नव्हतीच, पाटल्याही नव्हत्या. भावाला नेलं नाही, चौकशीला हजर राहायची नोटीस तेवढी दिली.

ही बोरमाळ दोन वर्षांपूर्वी कुर्डुवाडीच्या गाडीत चोरीला गेली, असं काकूंनी घरी सांगितलं होतं. काकांना पत्त्यांचा नाद. हे आईने मला नंतर सांगितलं.

काकांनी पंचनाम्यावर सावकाश सही केली, डबा काखेत घेतला आणि घरी गेले. मागोमाग काकू गेल्या. त्यांचं दार लागलं.

यादीची प्रत मला मिळाली, तारीख, वेळ, सह्या सगळं बरोबर होतं. भिंतीपलीकडे काकांचा आवाज चढला तेव्हा ती हातात धरून मी उभी होते.