गुन्हेगारीच्या गेममध्ये सिग्नल पाळणारा माणूस

शितोळे काका लाल सिग्नलला थांबले आणि मागून आलेला ट्रक त्यांच्या अंगावरून निघून गेला.

स्क्रीन काळी झाली. काकांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि मला विचारलं, "यात माझं काय चुकलं?"

"काही नाही काका. परत सुरू करू."

परत तोच चौक, तीच स्कूटर. काका पुन्हा थांबले. या वेळी दुधाच्या गाडीने उडवलं. तिसऱ्या वेळी ते सिग्नलच्या बरेच अलीकडे, डाव्या कडेला, हात दाखवून थांबल्यासारखे थांबले. एसटीने उडवलं.

"तुमच्या गावात मरायचं नसेल तर सिग्नल तोडावाच लागतो का?" त्यांनी विचारलं. आवाज शांत होता. त्याचीच मला भीती वाटली, कारण काका आमच्या वारज्याच्या सोसायटीत राहतात आणि मीटिंगमध्येही कोणाचा हिशेब काढण्याआधी ते असाच शांत आवाज लावतात.

मी गेम टेस्टर आहे. कर्वेनगरच्या एका छोट्या स्टुडिओत टेस्टिंगची टीम सांभाळते. त्याआधी सोळा वर्षं बँकांचं सॉफ्टवेअर तपासलं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी नोकरी बदलून गेमच्या धंद्यात आले तेव्हा नवरा म्हणाला होता, "म्हणजे आता खेळायचा पगार मिळणार?" खेळायचा मिळत नाही. एकाच भिंतीवर दोनशे वेळा आपटून, त्यातल्या कितव्या वेळी माणूस भिंतीतून आरपार जातो, ते लिहून ठेवायचा मिळतो.

आमचा गेम 'ओपन वर्ल्ड' होता. म्हणजे गेममध्ये एक अख्खं शहर असतं आणि खेळणाऱ्याला त्यात कुठेही फिरायची मोकळीक असते. 'मिशन' नावाची कामं असतात, पण ती आत्ताच करा अशी सक्ती नसते. काळ ऐंशीच्या दशकातला. नायक स्कूटरचा मेकॅनिक आणि तो हळूहळू स्मगलरांच्या टोळीत ओढला जातो. चित्रंही मुद्दाम जुन्या वळणाची होती. रंग जरा उडालेले, भिंतींवर हाताने रंगवलेल्या जाहिराती, पानाच्या टपरीवर खरखरणारा रेडिओ. गेमचं नाव सांगत नाही. करारात तसं लिहिलेलं आहे.

त्या आठवड्यात पब्लिशरची, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीची, मेल आली होती. शहर सुंदर आहे, पण वीसेक मिनिटांत खेळणारा गेम बंद करतो. नऊ दिवसांनी शेवटचा डेमो बघू, तेव्हाही असंच झालं तर आम्ही थांबू. 'थांबू' या शब्दाचा अर्थ आमच्या चौदा जणांना नीट कळला होता.

निखिल आमचा बॉस. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याचं निदान तयार होतं. "ॲक्शन कमी पडतेय. पाठलाग मोठा करू. पूल उडवू." आर्टिस्ट लोक पूल उडवण्याच्या कामाला लागलेही.

मी शितोळे काकांना आणलं ते यासाठी नव्हेच. आमच्या स्टुडिओत बहुतेक सगळे त्या दशकानंतर जन्मलेले. जुने तपशील बरोबर आहेत की नाहीत, हे बघायला कोणीतरी हवं होतं. काका खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. तीस-बत्तीस वर्षं माल पास किंवा नापास करण्यात गेली. क्वार्टर्सपासून गेटपर्यंत रोज स्कूटरने जायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "येतो. पण मी बघितलं की लिहून देणार. तोंडी बोलत नाही."

पहिल्या तासाभरात त्यांनी फुलस्केपवर अकरा मुद्दे लिहिले. एसटीडीचे पिवळे बूथ नंतर आले, काढा. हवालदाराची टोपी चुकली आहे. दुकानाच्या पाटीवर पिन कोड एवढा मोठा कोणी रंगवत नसे. सातवा मुद्दा मला फार आवडला: 'स्कूटर पहिल्या किकला सुरू होते. एकदाही तिरकी करावी लागली नाही. असे होत नसे.' आणि अकरावा मुद्दा होता, 'सिग्नलला थांबल्यास मृत्यू.'

बग सापडला की टेस्टरचं पहिलं काम म्हणजे तो स्वतः पुन्हा घडवून बघणं. मी माझ्या मशीनवर दहा वेळा लाल सिग्नलला थांबले. सात वेळा मेले. मग जुनी तिकिटं उघडली. प्रत्येक बगची एक नोंद असते, तिला आम्ही तिकीट म्हणतो. दोन वर्षांची तिकिटं चाळली. विमान छतात अडकलं, गाय तरंगली, नायकाला मिशी दोनदा आली, सगळं होतं. सिग्नलचं एकही नव्हतं.

माझी स्वतःची टेस्ट केस, म्हणजे काय तपासायचं त्याची नोंद, मात्र सापडली. 'सिग्नलचे दिवे योग्य क्रमाने बदलतात.' पुढे माझ्या नावाने 'पास'.

तेव्हा लक्षात आलं, दोन वर्षांत आमच्यापैकी कोणीही, मीसुद्धा, त्या शहरात एकदाही सिग्नलला थांबलेलो नव्हतो. दिवे बघितले होते. थांबलं कोणी नव्हतं. मला खरोखर लाज वाटली. बँकांच्या कामात मी अशी चूक करणाऱ्या मुलांना केबिनमध्ये बोलवायचे.

मी सागरकडे गेले. सागर यवतमाळचा. गेममधल्या गाड्या आणि माणसं स्वतःहून कशी वागतील, तो कोड त्याचा. त्याने स्क्रीनकडे बघितलं आणि मान खाजवली.

"ताई, ते मुद्दाम आहे."

"मुद्दाम मारतोस?"

"मारत नाही हो. एक गाडी दुसऱ्या गाडीला बघून ब्रेक लावते. पण प्लेअरला ती गाडी समजतच नाही. दरवेळी प्लेअरचा हिशेब ठेवला तर गेम स्लो होतो. तसाही प्लेअर कुठं थांबतो?"

"आज थांबला."

"कोण?"

मी काकांकडे बोट दाखवलं. ते बारावा मुद्दा लिहीत होते.

दुरुस्तीला सागरने पाच दिवस मागितले. म्हणजे पुलाचं काम त्याच्याविना राहणार. मी निखिलला सांगितलं. तो पाणी पीत होता, बाटली तशीच हातात राहिली.

"मृणाल, आपण क्राइम गेम बनवतोय. लायसन्सची टेस्ट नाही. सिग्नलला थांबणार कोण?"

"थांबला तर मरतो. हा बग आहे."

"लो प्रायॉरिटी टाक. रिलीजनंतर बघू."

"रिलीज झाला तर."

हे मी बोलायला नको होतं. सगळ्यांनी ऐकलं. निखिल केबिनमध्ये निघून गेला आणि मी माझ्या खुर्चीवर येऊन बसले. त्याचं म्हणणं चूक आहे असंही मला ठामपणे म्हणता येत नव्हतं. बग लहान होता. त्याचा वीस मिनिटांच्या कंटाळ्याशी काय संबंध, ते मला तरी कुठे माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी काका स्वतःहून आले. डबा घेऊन. निखिलने त्यांना नमस्कार केला आणि गोड आवाजात म्हणाला, "काका, आज एक मिशन खेळून बघा ना. सराफाचं दुकान लुटायचंय. मजा येईल."

"लुटतो की," काका म्हणाले. "पण आधी शहर बघू द्या. कुठून पळायचं ते कळायला नको?"

मग त्यांनी जे केलं ते आमच्यापैकी कोणी कधीच केलं नव्हतं. दुकानासमोर स्कूटर लावली, उतरले आणि समोरच्या टपरीपाशी उभे राहिले. दहा मिनिटं नुसते बघत होते. हवालदार किती वेळाने फेरी मारतो, ते कागदावर टिपलं. गल्ली पायी फिरून आले. मध्येच एकदा वर बघून म्हणाले, "आभाळ चांगलं केलंय." निखिल त्यांच्या खुर्चीमागे उभा होता.

मग काका स्कूटरवर बसले, आणखी एक चक्कर मारायला निघाले, चौकात लाल दिवा लागला, ते थांबले आणि मेले.

"काका, थांबू नका ना," निखिल न राहवून म्हणाला. "तुम्ही गुन्हेगार आहात!"

काका खुर्चीत वळले. "अहो, दुकान लुटायला निघालेला माणूस सिग्नल तोडेल का? हवालदार तिथेच पकडेल. म्हणजे पकडायला हवा. तुमचा पकडत नाही. त्याच्यासमोरून मी काल उलट्या दिशेने गेलो, त्याने मानसुद्धा वळवली नाही. इथे नियम कोणीच पाळत नाही. मग मी मोडला काय आणि नाही मोडला काय, कोणाच्या लक्षात येणार?"

सागरने हळूच हेडफोन काढले.

वीस मिनिटांचं कोडं तिथे सुटलं. लोकांना आमचं शहर आवडत होतं. जुनी दुकानं, स्कूटरी, रेडिओ, सगळं बघायला ते खुशीने येत होते. पण गुन्ह्याच्या गेमची मजा असते ती सरळ चाललेल्या जगात आपण एकट्याने वाकडं जाण्यात. आमचं जग सरळ चाललेलंच नव्हतं. गाड्या अंगावर येत होत्या, पोलीस मिशन सुरू झाल्याशिवाय जागे होत नव्हते. पहिल्या वीस मिनिटांत खेळणाऱ्याला, कारण सांगता आलं नाही तरी, हे कळत होतं. पूल उडवून काय होणार होतं?

निखिल केबिनमध्ये गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. "पूल काढा. सागर, चार दिवस. पाच नाही." आर्टिस्टांचे चेहरे उतरले. त्या पुलावर त्यांनी खरोखर जीव ओतला होता. निखिलने प्रत्येकाच्या टेबलाजवळ जाऊन स्वतः सांगितलं. त्याचं हे मला आवडलं, आणि मी तेव्हाच जाऊन आदल्या दिवसाच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. "ते खरंच होतं," एवढंच म्हणाला.

चौथ्या दिवशी नवं बिल्ड आलं. बिल्ड म्हणजे गेमची त्या दिवशीची तयार प्रत. काका सिग्नलला थांबले. मागचा ट्रक थांबला. त्यामागची एसटी थांबली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सिग्नल हिरवा झाला. काका निघाले, पण मागचं कोणी हललं नाही. सागरच्या गाड्या थांबायला शिकल्या होत्या, निघायला नाही. दहा मिनिटांत अख्खं शहर जाम झालं.

"आता बरोबर वाटतंय," काका म्हणाले.

तो बग दोन दिवसांत सुटला. उरलेल्या वेळात सागरने हवालदाराला शिट्टी दिली, स्कूटरला अधूनमधून बंद पडायला शिकवलं आणि ती तिरकी करून सुरू करायची सोय केली. सिग्नल हिरवा होऊनही खेळणारा हलला नाही, तर मागचा एक स्कूटरवाला ओरडणार असं ठरलं. वाक्य काकांनीच सुचवलं आणि आवाजही त्यांचाच घेतला: "अहो, हिरवा झाला! मुहूर्त काढताय का?" एका टेकमध्ये ओके.

डेमोला पब्लिशरचे दोघे आले, आणि त्यांनी बोलावलेले आठ जण, ज्यांनी गेम आधी कधी पाहिला नव्हता. मी वही घेऊन मागे उभी राहिले. अशा वेळी टेस्टरने बोलायचं नसतं. मदत करायची नसते. चेहरे बघायचे.

पहिल्या खुर्चीवर कॉलेजमधली एक मुलगी होती. ती सुसाट निघाली, दोन सिग्नल तोडले, दुसऱ्या चौकात शिट्टी वाजली. ती दचकली. मागे बघितलं तर हवालदार सायकलवरून येत होता. तिने गल्लीत घुसून त्याला चुकवलं. पुढच्या चौकात लाल दिवा होता. ती थांबली. मागे एसटी थांबली. समोरून एक बाई पोराचा हात धरून रस्ता ओलांडून गेली. मुलीने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, हवालदार नाही याची खात्री केली आणि दिवा लाल असतानाच सुटली. आणि मोठ्याने हसली. दोन वर्षांत आमच्या गेमसमोर बसून कोणीतरी असं हसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

वीस मिनिटं कधीच उलटून गेली होती. वेळ संपल्याचं सांगितल्यावर तिने विचारलं, "अजून थोडं खेळू का? दुकान अजून लुटलंच नाही."

आठपैकी दोघांनी मध्येच सोडलं. एकाला जुने रंग आवडले नाहीत, दुसऱ्याला गाडी चालवताना मळमळलं. बाकीचे बसून राहिले. पब्लिशरच्या माणसांनी आपसात कुजबुज केली आणि आणखी सहा महिन्यांचं काम मंजूर केलं. सोबत तक्रारींची चार पानं दिली. त्यातली तीन योग्य होती.

गेम आला. बरा चालला. पूल मात्र परत आला नाही. निखिल अजूनही कधीतरी म्हणतो, "पूल पण भारी झाला असता," आणि तो खोटं बोलत नाही. शेवटच्या नावांच्या यादीत शितोळे काकांचं नाव 'तपासणी' या सदरात आहे, माझ्या नावाच्या वर. ते मीच तसं टाकायला लावलं.

टेस्टरला चुकीचं वागायला शिकवतात. चुकीचा पासवर्ड टाका, नको तिथे उडी मारा, भिंतीवर आपटा. त्यात मी वीसेक वर्षांत तरबेज झाले आणि साधं, नीट वागून बघायचं विसरले. हल्ली माझ्या प्रत्येक टेस्ट प्लॅनची पहिली ओळ असते: 'सगळे नियम पाळून वापरून पाहणे.' नवी मुलं ती वाचून हसतात. मग बसतात करायला, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत पहिलं तिकीट येतं.