मशीन नऊशेची, वरचे तीनशे माझे

वयाच्या आठव्या वर्षी मी आमच्या घराला तीनशे रुपयांना बुडवलं, तेही एकदाच तोंड उघडून. (खरं तर दोनदा. सांगते.)

सेलूला आमचं कापडाचं दुकान. पाढे मला येत नसत, पण कोणती वस्तू केवढ्याला आली हे डोक्यातून हलत नसे! हिशेब सोपा होता: आठ आण्याची आईसकांडी, म्हणजे रुपयाच्या दोन. बाबांची चप्पल ऐंशी कांड्यांची, गणिताचं पुस्तक बावीस कांड्यांचं (उगाच महाग!). एकदा भर गिऱ्हाइकासमोर मी बोलून गेले, "बाबा, हे पातळ तं आपल्याले एकशे वीसलेच पडलं ना?" गिऱ्हाईक हसलं. बाबा हसले नाहीत.

"बाहेरच्या माणसाले खरा भाव सांगायचा नाई! इचारलंच तं दुप्पट सांगजो. अन् म्या पायावर पाय देला का समजजो, भाव सोडायचा नाई."

मी गळ्याची शप्पथ घेतली. जीव गेला तरी दुप्पट!

पुढच्याच महिन्यात आई मला घेऊन वर्ध्याला गेली. ब्लाऊज शिवून चार पैसे स्वतःच्या हातात यावेत, म्हणून तिला जुनी शिलाई मशीन घ्यायची होती. वर्षभर डब्यात साठवलेले बाराशे रुपये जवळ होते. मशीनला नऊशे, उरलेल्या तीनशेत कात्री, इस्त्री आणि मला सँडल, असं तिनं पक्कं ठरवलं होतं.

"चौदाशे," दुकानदार म्हणाला.

"भाऊ, आमच्या शेजारणीनं अश्शीच नऊशेले नेली."

"काऊन गंमत करता बाई!"

"गंमत नाई. या पोरीले इचारा. माही सुमी भाव कधी भुलत नाई!"

दुकानदार वाकला. "सांग बाई, केवढ्याची होती?"

बाहेरचा माणूस. त्यानं विचारलं होतं. मी छाती पुढे काढली.

"अठराशे!"

"सुमे, नीट आठव माय," म्हणत आईनं माझ्या पायावर पाय दिला. अस्सं! म्हणजे भाव सोडायचा नाई!

"अठराशेच! अन् सुया वेगळ्या!"

दुकानदार खुर्चीत मागे रेलला. "पाहा बाई, लेकरू खोटं नाई बोलत. अन् मी येडा चौदाशेच म्हणून राह्यलो!"

"अवो, तिले काय समजते!"

"आता तं म्हणे कधी भुलत नाई!"

पण आई हटणारी नव्हती. तीनदा दुकानाच्या पायऱ्या उतरली, तीनदा चढली. मशीन घेतल्याशिवाय सेलूची एसटी धरायची नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. शेवटी सौदा बाराशेला ठरला. कात्री शेजारणीकडून मागून आणली, इस्त्री राहिली, आणि माझ्या सँडलचं नाव काढायची माझीच हिंमत झाली नाही.

पुढे त्या मशीनवर आईनं अर्ध्या सेलूचे ब्लाऊज शिवले. कुणी मशीनची किंमत विचारली की पाय न थांबवता सांगायची, "मशीन नऊशेची. वरचे तीनशे आमच्या सुमीच्या तोंडाचे!"

तीनशे रुपये! म्हणजे सहाशे आईसकांड्या. (आणि गळ्याची शप्पथ, हा आकडा दुप्पट करून सांगितलेला नाही!)